अंगणात माती राहू द्या

आखातातून पैसे आले, जुने कौलारू घर गेले आणि स्लॅबचे घर उभे राहिले, की आपल्या कोकणातल्या मोहल्ल्यांत पुढचे काम ठरलेले असते. अंगणाला पेव्हर ब्लॉक बसवायचे. चिखल नको, पालापाचोळा नको, लग्नकार्याला मंडप घालायला जागा साफ. हे सगळे खरे आहे. पण त्याबरोबर घरातून काय काय निघून जाते, याचा हिशेब ब्लॉक बसवण्याआधी एकदा मांडून पाहावा.

आधी पाण्याचा हिशेब. एक चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस होतो. म्हणजे पाचशे चौरस फुटांच्या लहानशा अंगणावरसुद्धा सव्वा लाख लिटरपेक्षा जास्त पाणी पडते. माती आणि झाडे असली, तर त्यातले काही मुरते. सगळे अंगण फरशीने झाकले, तर ते गटारात आणि वहाळात जाते. मग एप्रिल-मेमध्ये विहिरीने तळ गाठला, की आपण टँकरची वाट पाहत बसतो. मंडपापुरती आणि गाडीपुरती फरशी जरूर घाला. उरलेली निम्मी जागा तरी मातीला राहू द्या.

उपयोगाची झाडे, पाखरांचीही झाडे

बाग म्हणजे रोपवाटिकेतून आणलेली महागडी विदेशी झाडे नव्हेत. आपल्या घराला लागणारी झाडेच पाखरांनाही लागतात. ईदसाठी हात रंगवणारी मेंदी फुलली, की तिच्यावर मधमाश्या येतात. रमजानच्या सरबतात घालतो त्या सब्जाच्या तुऱ्यांवरही त्या दिवसभर असतात. जास्वंदीच्या फुलातला मध प्यायला शिंजीर येतो. पेरू आणि पपई पिकली, की बुलबुल हजर होतात. ओळीत लिंबू, कढीपत्ता, डाळिंब, अळू आणि कुंपणाला मेंदी लावली, तर लहान अंगणही भरते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना कढीपत्ता, सब्जा, पुदिना आणि जास्वंद गॅलरीतल्या कुंड्यांतही लावता येते. मात्र कुंडीखाली ताटली ठेवा आणि ती रोज ओता, म्हणजे खालच्या शेजाऱ्यांशी वाद होणार नाही.

लावलेल्या झाडाचे फळ पाखराने खाल्ले, तरी लावणाऱ्याला सदक्याचा सवाब आहे, हे आपण मुलांना लहानपणापासून सांगतो. मग झाडावरचे शेवटचे चार पेरू काढायला काठी घेऊन धावू नये.

पाने खाणारी अळी

खरी परीक्षा इथे असते. लिंबाच्या कोवळ्या पानांवर अळ्या दिसल्या, की घरातले कोणीतरी औषधाचा पंप शोधू लागते. जरा थांबा. सुरुवातीला पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि नंतर हिरवीगार होणारी ती अळी बहुतेक वेळा फुलपाखराची असते. महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेला निळ्या-काळ्या पंखांचा निलवंत, म्हणजे ब्लू मॉर्मन, लिंबाच्या जातीच्या झाडांवरच वाढतो. अळी चार फांद्यांची पाने खाते. वाढलेले झाड ती पाने पुन्हा फोडते. रोप अगदी लहान असेल, तर अळी उचलून मोठ्या झाडावर ठेवावी.

दुसरी गोष्ट अशी, की चिमणी स्वतः दाणे खात असली, तरी पिलांना अळ्या आणि किडेच भरवते. अंगणात औषध मारायचे आणि चिमण्या दिसत नाहीत म्हणून हळहळायचे, हे दोन्ही एकत्र चालत नाही. मावा किंवा पिठ्या ढेकूण फारच झाला, तर एक लिटर पाण्यात पाच मिलीलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडा साबण मिसळून फक्त तेवढ्याच फांदीवर फवारावे. तेही संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर.

वजूचे पाणी

एका वेळच्या वजूला दोन लिटर पाणी धरले, तरी पाच माणसांच्या घरात पाच वेळचे पन्नास लिटर होते. त्यात साबण नसतो. वजूच्या जागेतून एक पाइप किंवा लहान पाट काढून ते पाणी नारळाच्या किंवा पेरूच्या आळ्यात सोडले, तर वेगळे पाणी क्वचितच घालावे लागेल. आळ्यात वाळका पाला अंथरावा, ओल टिकते. पाला जाळून धूर करण्यापेक्षा हे बरे.

पक्ष्यांसाठी मातीचे पसरट भांडे ठेवा. पाणी दोन बोटांपेक्षा खोल नको, आणि मांजर दबा धरून बसेल अशा झुडपाजवळ नको. ते रोज ओतून, घासून भरा. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो, त्यामुळे यात आळस नको. हे काम घरातल्या मुलावर सोपवावे. शाळेत दहा धडे शिकवून येत नाही, ती जबाबदारी या एका भांड्याने येते.

"मॅडम, साप येतील त्याचे काय?"

पालक मला हा प्रश्न नेहमी विचारतात, आणि तो योग्य आहे. आपल्या जिल्ह्यात फुरसे, नाग, मण्यार, घोणस असे चारही प्रमुख विषारी साप आहेत. पण साप बहुधा येतो तो उंदीर, बेडूक आणि लपायला जागा शोधत. जांभ्याच्या चिऱ्यांचा ढीग, सरपण आणि सोडणे घराच्या भिंतीला लागून ठेवू नका. खरकटे उघड्यावर टाकू नका. दारापासून सहा-सात फूट जागा स्वच्छ ठेवा आणि रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नका. धामण बिनविषारी असते आणि उंदीर खाते. तिला मारण्यापेक्षा सर्पमित्राला बोलवा. आणि दंश झालाच, तर झाडफुंकीत एक मिनिटही न घालवता थेट सरकारी रुग्णालय गाठा.

पिंजरा

शेवटी एक गोष्ट, जी काही घरांत आवडणार नाही. ओट्यावर टांगलेल्या पिंजऱ्यातला मिठ्ठू. आपला देशी पोपट पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. असलेला पोपट असाच उडवून देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्या पाखराला बाहेर जगता येत नाही. वन विभागाशी बोलून त्यांच्या हवाली करा. नवा मात्र आणू नका.

पोपट हवाच असेल, तर पेरूचे झाड लावा. पावसाळा तोंडावर आला आहे. ब्लॉकवाल्याला ऑर्डर देण्याआधी, या आठवड्यात अंगणातली कोणती जागा मोकळी ठेवायची, ते घरातल्या सगळ्यांनी मिळून खुणा करून ठरवा.