डोळ्यावरची झापड आणि टायरची हवा

समृद्धी महामार्गाने नागपूर ते शिर्डी सुमारे ५२० किलोमीटर. मिनी बसमध्ये घरची मंडळी गाढ झोपलेली, जागा असतो एकटा चालक. पण सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे असूनही मेंदू काही सेकंद झोपतो. ताशी १०० च्या वेगात चार सेकंदांत गाडी शंभर मीटरहून पुढे जाते! पहाटे दोन ते पाच या वेळेत धोका अधिक. काच उघडणे, तंबाखू मळणे हे उपाय फसवे. सुरक्षित जागी थांबून चहा घ्यावा व लगेच वीस मिनिटे पडावे; चहाचा अंमल उठेपर्यंत चढतो.

टायरची हवा मात्र निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच तपासावी. हवा कमी असल्यास टायर कडेला दबून तापतो आणि फुटतो. वाटेत तापलेल्या टायरची हवा जास्त दिसते, ती कमी करू नये.