घाटेअळीच्या विषाणूचे भाऊबंद लस बनवतात!
बोरगाव मेघेच्या आसपास हरभऱ्यावर घाटेअळी पडली की एचएएनपीव्ही हा विषाणू फवारतात. तो बॅक्युलोव्हायरस कुळातला; अळीला मारतो, माणसाला काही करत नाही. याच कुळातल्या विषाणूत आजाराच्या विषाणूचं हवं ते जनुक घालून तो कीटकांच्या पेशींत सोडतात. पेशी प्रथिनं बनवतात, ती आपसूक जुळून विषाणूसारखे पोकळ कण होतात. आत विषाणूचं जनुकच नाही, मग आजार कुठला? शरीर मात्र फसतं आणि लढायला शिकतं.

सर्व्हारिक्स ही एचपीव्ही लस अशीच. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोविड लस कोव्होव्हॅक्स जरा वेगळी, पण तिच्या पेशी मूळच्या कोणाच्या? मक्यावरच्या अमेरिकन लष्करी अळीच्या! (शिव्या जपून घाला.) स्पेनमध्ये तर पतंगाच्या अख्ख्या कोषांतच सशांच्या लसीचं प्रथिन तयार करतात.