स्टेजची पायरी

चिकोडी भागात जत्रेच्या ज्या कार्यक्रमाला मराठीत ‘ऑर्केस्ट्रा’ म्हणतात, त्यालाच कन्नडमध्ये ‘रसमंजरी’ म्हणतात. नाव कुठलंही घ्या, साडेनऊच्या सुमाराला घडतं ते सारखंच. ओळखीचं गाणं लागतं, ढोलकी तापते आणि पुढच्या रांगेतला एक जण टुणकन स्टेजवर चढतो. त्याच्यामागून आणखी चार. कुणाच्या हातात दहाच्या नोटांचं बंडल, कुणाच्या हातात मोबाईल. निवेदक ‘कृपया खाली उतरा’ असं आधी मराठीत सांगतो, मग कन्नडमध्ये, आणि दोन्ही भाषांत कुणी ऐकत नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर निकाल ठरलेला असतो: हल्लीच्या पोरांना वळण राहिलं नाही. हा निकाल सोपा आहे, पण पुरा खरा नाही. स्टेजवर कधी आणि कसं जायचं याचा कायदा याच मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या पाळला होता. तो मोडायला सुरुवात पोरांनी केली नाही.

उत्तर कर्नाटकातल्या जत्रेच्या नाटकांत, श्रीकृष्ण पारिजातासारख्या खेळांत, नट आवडला तर त्याला आहेर करायची पद्धत आहे. लग्नातला हा शब्द थोड्या फरकाने मराठी-कन्नड दोन्ही घरांत चालतो. खेळ क्षणभर थांबतो, देणाऱ्याचं नाव पुकारलं जातं, रक्कम सांगितली जाते आणि खेळ पुढे सरकतो. कौतुक पोचतं, नावही होतं, पण ते कुणाच्या तरी हातून आणि तोंडून. संगीत बारीतली दौलतजादा वरवर बघणाऱ्याला नुसती पैशाची उधळपट्टी वाटेल. तिथला रिवाज मात्र असा, की फर्माईश करणारा आपली बैठक सोडत नाही, पैसे घ्यायला कलावंतीण त्याच्यापर्यंत येते. किती पुढे यायचं हे तिच्या हातात राहतं. संगीत नाटकाने तर पैशाचंही काम ठेवलं नाही. ज्या मिरजेत १९०५ साली बालगंधर्व पहिल्यांदा रंगभूमीवर उभे राहिले, तिथपासून बेळगावपर्यंतच्या प्रेक्षकाने ‘वन्स मोअर’ या दोन शब्दांवर रात्र पहाटेला टेकवली. खुर्चीवरून न उठता नटाला तेच पद पुन्हा गायला लावायचं, याहून मोठा अधिकार रसिकाला आणखी कुठला हवा? कीर्तनातही बुवांच्या पाया पडायला सगळे जातात, पण कीर्तन संपल्यावर. अभंग रंगात आला असताना मधेच जाऊन कुणी त्यांचे पाय धरत नाही.

मग बिघडलं कुठे? माझ्या मते सत्कारात. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी तासभर स्टेजवर सोफा असतो आणि सोफ्यावर गाव. ग्रामपंचायतीचे अध्यक्ष, सोसायटीचे चेअरमन, साखर कारखान्याचे संचालक, देणगीदार आणि त्यांचे चिरंजीव. शाल, श्रीफळ, फेटा, पुन्हा शाल. वादक एका कोपऱ्यात वाद्यं सांभाळत उभे. खाली मातीत बसलेला विशीतला पोरगा हे सगळं बघत असतो. स्टेज ही काम करायची जागा नसून मान मिरवायची जागा आहे, हा धडा त्याला जत्रेच्या कमिटीनेच दिलेला असतो. तासाभराने तो चढतो तेव्हा शाल आपल्याला मिळणार नाही हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो स्वतःचा सत्कार स्वतःच करून घेतो.

स्टेज ही कामाची जागा आहे, हे जवळून पाहिलं की कळतं. जत्रेचं स्टेज म्हणजे लोखंडी सांगाड्यावर टाकलेल्या फळ्या आणि वर ताणलेलं कापड. फळीच्या फटीवरून माइकच्या वायरी गेलेल्या, कडेला गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून ठेवलेला स्पीकर. मांडीवर आडवी ढोलकी घेऊन बसलेल्या माणसाची नजर नाचणारीच्या पावलांवर असते. मधे चार अनोळखी पाय आले की त्याचा ठेका आंधळा होतो. एखाद्याने वायर पायात घेतली तर माइक बंद पडतो आणि माणूसही पडतो.

हे फक्त गावातच घडतं असं मात्र नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईत चेंबूरला सोनू निगम कार्यक्रम संपवून स्टेजवरून उतरत असताना सेल्फीवरून झटापट झाली आणि त्यांच्या सोबतचा माणूस पायऱ्यांवरून खाली पडून जखमी झाला. त्याच वर्षी मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरला अरिजित सिंग यांचा हात एका चाहतीने ओढला. त्यांनी गाणं थांबवून तिला शांतपणे समजावलं, पण हाताला इजा व्हायची ती झाली होती. सगळ्यात वाईट प्रसंग प्रागमधला. २०१० साली तिथे ‘लँब ऑफ गॉड’ या अमेरिकी बँडच्या कार्यक्रमात स्टेजवर चढलेला एक चाहता खाली ढकलला गेला, त्याच्या डोक्याला मार बसला आणि पुढे तो दगावला. दोन वर्षांनी बँडचा गायक रँडी ब्लाइथ पुन्हा प्रागला आला तेव्हा त्याला अटक झाली. २०१३ मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं, पण नैतिक जबाबदारी त्याच्यावर ठेवली, आणि मोठा दोष दिला तो संयोजकांना. आपल्या कमिट्यांनी हा निकाल वाचावा असा आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो पोटाचा. कलाकारांचं घर या नोटांवर चालतं, तुम्ही शहरी शिष्टाचार शिकवू नका. नोटांवर घर चालतं हे खरंच आहे, पण नोट देणं वेगळं आणि अंगावर उधळणं वेगळं. महाराष्ट्रातल्या डान्स बारच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच फरक केला: बक्षिशी द्यायला हरकत नाही, पैसे उधळायला मात्र मनाई. न्यायालय जे सांगतं तेच आहेराची पद्धत आधीपासून करत होती. आणि शहराचं म्हणाल, तर वरची रिवाजांची उदाहरणं आठवा. दौलतजादा काही शहरी सभागृहात जन्मली नाही. ‘पायरी ओळखून राहा’ हे वाक्य ज्या तोऱ्यात बोललं गेलं, त्याची चीड मला समजते. पण इथे पायरी ओळखायची आहे ती नोट हातात असलेल्याने, नाचणारीने नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कलाकारच बोलावतात, मग? बोलावलं तर जरूर जावं. मात्र बोलावणं आपल्याला आहे की सगळ्या मैदानाला, हे आधी बघावं. गायकाने हात वर केला म्हणजे ‘टाळ्या’. त्याचा अर्थ ‘चढा’ असा नाही. वर गेल्यावर जिथे उभं केलं तिथे उभं राहावं, कलाकाराच्या अंगाला हात लावू नये, खांद्यावर तर नाहीच, मोबाईल खिशात ठेवावा आणि कडवं संपलं की आलो त्याच पायऱ्यांनी उतरावं. नोट द्यायची तर निवेदकाकडे द्यावी. शिवाय वेळही मोजकीच असते: रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. सरकार वर्षातले मोजके दिवस १२ पर्यंत सवलत देतं. तेव्हा स्टेज रिकामं करण्यात गेलेली पंधरा मिनिटं ही प्रेक्षकांचीच दोन-तीन गाणी असतात.

कमिटीने करायची गोष्ट त्याहून सोपी आहे. सत्कार खाली, मैदानात उरकावेत. स्टेजला पायऱ्या एकाच बाजूला ठेवाव्यात आणि त्यांच्या तोंडाशी उभा राहणारा माणूस गावचा नसावा, कलाकारांच्या पार्टीचा असावा. गावचा माणूस चुलतभावाला अडवू शकत नाही, अध्यक्षांच्या पोराला तर नाहीच.