काचेचं रसायन, लेखांक ६ : लोणारच्या दोन काचा

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची माहिती लिहिली, तेव्हा लोणारच्या परिसराबद्दल एक नेमकी नोंद करून ठेवली. काच आणि साबण तयार करायला लागणारे सगळे जिन्नस तिथे मिळतात, अशी. बुलढाणा जिल्ह्यातल्या या खाऱ्या सरोवराचं पाणी उन्हाळ्यात आटलं की काठावर क्षार साचतो. दल्ला, पापडी, भुसकी ही त्याच्या प्रकारांची जुनी नावं. त्यातला मोठा भाग सोडियमच्या कार्बोनेटांचा, म्हणजेच सोड्याचा. नुसती शुद्ध वाळू वितळवायला सुमारे १,७०० अंश सेल्सिअस तापमान लागतं आणि जुन्या भट्ट्यांना ते झेपत नसे. सोडा मिसळला की तीच वाळू हजार अंशांच्या आसपास वितळू लागते.

लोणारला मात्र याहून फार जुनी काच आहे, आणि ती माणसाने केलेली नाही.

हे सरोवर ज्या विवरात आहे, त्याच्या कडेबाहेर फेकल्या गेलेल्या मलब्यात काळी, बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेली काच सापडते. मिलिमीटरहून लहान गोळ्याही त्यात असतात. असा तुकडा भट्टीतून आला की अवकाशातून आदळलेल्या पाषाणाच्या आघातातून, हे रंगरूपावरून ठरवायला गेलं तर फसगत होऊ शकते. निकाल रसायनच देतं.

त्यासाठी तुकड्याचा छेद घासून गुळगुळीत करतात, त्यावर कार्बनचा पातळ थर देतात आणि तो इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबमध्ये ठेवतात. इलेक्ट्रॉनांचा झोत पडला की प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण बाहेर टाकतं. ते मोजून प्रमाण काढायचं. काचेतलं सोडियम मात्र चंचल. झोत एकाच बिंदूवर रोखला तर ते तिथून सरकतं आणि आकडा कमी येतो. म्हणून झोत मुद्दाम रुंद ठेवतात आणि सोडियम सगळ्यांत आधी मोजतात.

इथे ही काळजी घ्यावीच लागते, कारण प्रश्न सोडियमवरच सुटतो. खनिज सोड्यापासून केलेल्या प्राचीन भारतीय मण्यांत सोडियम ऑक्साइड साधारण १५ ते २० टक्के असतं. लोणारच्या आघात-काचेत ते जेमतेम दोन-अडीच टक्के भरतं. सिलिका ५० टक्क्यांच्या आसपास आणि लोहाचं ऑक्साइड सुमारे १३ टक्के. हे प्रमाण थेट दख्खनच्या काळ्या बेसॉल्टचं आहे. बाहेरून सोडा पडलेलाच नाही; खडक आहे तसा वितळला आणि झटकन थिजला.

१९७३ मध्ये स्मिथसोनियन संस्थेचे कर्ट फ्रेड्रिक्सन, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ए. दुबे आणि त्यांचे सहकारी यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात लोणार हे बेसॉल्टमधलं आघात-विवर असल्याचं मांडलं. तोवर ज्वालामुखीचा तर्क चालत आला होता. त्यांच्या पुराव्यात मॅस्केलिनाइट होतं. खडकातल्या फेल्डस्पार स्फटिकाची आघाताच्या दाबाने, न वितळता, जागच्या जागी काच होते, ती ही. सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिकाचा आकार शाबूत दिसतो, पण एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवकांमधून पाहिलं तर तो कण कसाही फिरवा, काळाच राहतो. आतली स्फटिकरचना मोडलेली असते. ज्वालामुखीला असा दाब निर्माण करता येत नाही. हा पदार्थ पहिल्यांदा ओळखला गेला तो १८६५ मध्ये बिहारमधल्या शेरघाटीला पडलेल्या उल्केत, आणि ती उल्का मंगळावरची असल्याचं पुढे सिद्ध झालं.

बारीक गोळ्यांनी आणखी एक धागा हाती दिला. त्यांच्यात निकेल, क्रोमियम आणि कोबाल्ट स्थानिक बेसॉल्टपेक्षा जास्त आढळलं. आलेला पाषाण स्वतः बाष्प होऊन गेला. त्याचा अंश या काचेत मिसळून राहिला. वितळलेल्या खडकातल्या आर्गॉनच्या समस्थानिकांवरून २०११ मध्ये आघाताचा काळही काढला गेला : सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वीचा. खडक मात्र साडेसहा कोटी वर्षांचा.

२००० मध्ये लोणार अभयारण्य झालं, २०२० मध्ये रामसर स्थळ. संरक्षण पाण्याइतकंच कडेवरच्या मलब्यालाही हवं. आठवण म्हणून खिशात घातलेला खडा कुठल्या थरातला होता हे एकदा हरवलं, की त्याच्या विश्लेषणाचं मोल फार घटतं.

पुढील लेखांकात तेरचे काचमणी : तिथे सोडियम वेगळीच हकिकत सांगतं.