उन्हाळा आणि गावातील कुत्री

वऱ्हाडातील उन्हाळा शिक्षकांस नव्याने सांगावयास नको. मार्चपासून शाळा सकाळच्या सत्रात भरू लागतात, आणि मेअखेर नवतपा लागला म्हणजे दुपारी गावात चिटपाखरू दिसत नाही. मे २०२४ मध्ये अकोला जिल्ह्यात उष्णतेची लाट इतकी तीव्र झाली की कलम १४४ लागू करून कामगारांना पाणी व सावली देण्याचा आणि शिकवणी वर्गांच्या वेळा बदलण्याचा आदेश काढावा लागला. माणसासाठी अशी तजवीज होते. दारात राखण करणाऱ्या कुत्र्याची काळजी मात्र कोणी आवर्जून घेत नाही.

उष्णता का बाधते?

माणसाच्या सर्वांगास घाम येतो व तो वाळताना शरीर थंड होते. कुत्र्याच्या घर्मग्रंथी मुख्यतः पंज्यांच्या तळव्यांत असल्याने त्याला हा उपाय पुरत नाही. म्हणून ते जीभ बाहेर काढून धापा टाकते. जीभ, तोंड व नाक यांतील ओलाव्याची वाफ होते आणि तेथून वाहणारे रक्त थंड होते. मातीच्या रांजणातील पाणी ज्या नियमाने गार होते, तोच हा नियम होय. अर्थात पिण्यास पाणी नसेल, तर ही योजनाच कोलमडते. निरोगी कुत्र्याचे तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. ते ४१ अंशांपलीकडे गेल्यास जिवास धोका उत्पन्न होतो. पिल्ले, म्हातारी व लठ्ठ कुत्री आणि आखूड नाकाच्या जाती यांना हा त्रास लवकर होतो.

काय करावे?

कुत्रे उन्हात किंवा टिनाच्या छपराखाली बांधू नये. निंबाची सावली किंवा हवेशीर गोठा उत्तम. सावली सरकते, हे बांधताना ध्यानी धरावे. पाण्याचे पसरट परळ सावलीत ठेवून ते रोज घासून भरावे. डांबरी रस्ता हातास सोसत नसेल, तर तो पंज्यांनाही सोसत नाही.

कुत्रे अतिशय धापा टाकू लागले, लाळ गाळू लागले, ओकले वा अडखळू लागले, तर ऊन लागल्याचा संशय घ्यावा. पाळलेले कुत्रे असल्यास धन्याने त्यास तत्काळ सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतावे व वारा घालावा. शुद्ध नसता तोंडात पाणी ओतू नये. नंतर विलंब न करता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावे.

एक गंभीर गैरसमज

लाळ गाळणारे, झोकांड्या खाणारे कुत्रे दिसताच ‘पिसाळले’ अशी हाकाटी होते आणि मुले दगड उचलतात. यात दुहेरी अनर्थ आहे. उन्हाने कासावीस झालेला जीव नाहक मारला जातो. आणि ते खरोखरच पिसाळलेले असेल, तर दगड मारणारे मूलच चावा ओढवून घेते. दोहोंची लक्षणे काही अंशी सारखी असतात. पाणी पिणारे कुत्रे पिसाळलेले नसते, ही समजूतही चुकीची होय. म्हणून पारख पशुवैद्यकावर सोपवावी. मुलांना दूर ठेवून खबर द्यावी, एवढेच शिक्षकाचे काम.

चावा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी, तीवर तिखट, चुना वगैरे काही लावू नये आणि मुलास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात लस देण्यास न्यावे. या रोगाची लक्षणे एकदा प्रकट झाल्यावर तो बहुधा प्राणघातकच ठरतो.

शाळेत काय करता येईल?

सुट्टी लागण्यापूर्वी एक तास या विषयास द्यावा. एक परळ मातीचे व एक धातूचे भांडे पाणी भरून सावलीत ठेवावे, दोन तासांनी मुलांकडून दोहोंतील पाणी पारखून घ्यावे आणि बाष्पीभवनाचा पाठ त्यावरून शिकवावा. सुट्टीत प्रत्येक मुलाने आपल्या घराच्या सावलीत एक परळ भरण्याचे काम पत्करावे; अनोळखी कुत्र्यास मात्र हात लावू नये.

प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१-क नुसार नागरिकाचे कर्तव्य आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी पशुहत्येविरुद्ध जन्मभर लोकांना उपदेश केला. त्यांच्या भूमीतील शाळेच्या मुलाने दगड टाकून पाण्याचे परळ उचलले, तर तो पाठ खरा शिकला गेला असे म्हणता येईल.