सुपारीचे पैसे आले, गाण्याचे भाडे कोठे गेले?

सुतार कपाट बनवतो, मजुरी घेतो. व्यवहार तेथेच संपतो. घरमालक मात्र घर एकदा बांधून दर महिन्याला भाडे घेतो. स्वतः गाणी रचणाऱ्या कलावंताची कमाई या दोन्ही प्रकारची असते. कार्यक्रमाची बिदागी ही त्याची मजुरी. त्याचे गाणे धंद्याच्या ठिकाणी वाजले की मिळणारी रॉयल्टी हे त्याचे भाडे. पुण्यात बँड, ऑर्केस्ट्रा आणि कव्वालीच्या व्यवसायात आपले अनेक बांधव आहेत. सुपारीचा हिशेब ते पै-पैचा ठेवतात; भाड्याचे पान मात्र त्यांच्या वहीत क्वचितच असते.

हा वाद जुना आहे. १९६०च्या दशकात लता मंगेशकर यांनी गायकांना रॉयल्टी मिळावी अशी मागणी केली. महंमद रफी यांचे मत होते की, मानधन घेतल्यावर गायकाचा हक्क संपतो. यावरून दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे बंद केले होते. पुढे १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, मोबदला घेऊन चित्रपटासाठी रचलेल्या संगीताचा मालक निर्माता ठरतो. उलट करार असेल तरच गोष्ट वेगळी.

मे २०१२ मध्ये संसदेने कायदा बदलला. राज्यसभेत गीतकार जावेद अख्तर यांनी कलावंतांची बाजू जोरदार मांडली होती. आता गीतकार-संगीतकाराने गाण्याचे हक्क कंपनीला विकले, तरी रॉयल्टीतला आपला वाटा तो कंपनीच्या नावे करून देऊ शकत नाही. चित्रपटगृहात चित्रपटासोबत वाजणारे गाणे एवढाच याला अपवाद आहे. गायक-वादकांनाही व्यापारी वापराच्या रॉयल्टीवर हक्क मिळाला आहे.

पैसा येतो कसा? गीत आणि चालीचा परवाना १९६९ साली स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, देते. हॉटेलवाले, कार्यक्रमाचे आयोजक तिच्याकडे शुल्क भरतात. संस्था आपला खर्च वजा करून ती रक्कम सभासदांना वाटते. गायक-वादकांसाठी २०१३ साली स्थापन झालेली इस्रा ही संस्था आहे. तिचे आजचे नाव इसामरा.

समजा, कॅम्पातल्या एखाद्या सभागृहात तिकीट लावून तुमच्याच आठ रचनांचा कार्यक्रम झाला. आयोजकाने परवाना घेतला, शुल्क भरले. पण तुम्ही सभासद नाही, गाणी नोंदलेली नाहीत, कोणती गाणी झाली त्याची यादी कोणी पाठवली नाही. मग तुमच्या घामाचा पैसा तुमच्या घराचा पत्ता कसा शोधणार?

लग्नाची गोष्ट निराळी. वरात, लग्नाशी जोडलेले समारंभ आणि खरे धार्मिक विधी यांत गाणे वाजवल्यास कायद्याने सूट आहे. तेथे बँडवाल्याने सुपारीवरच समाधान मानावे. हॉटेल किंवा सभागृह चालवणाऱ्या बांधवांनी मात्र ही सूट इतर कार्यक्रमांना लावू नये. परवान्याची पावती जपून ठेवावी.

कलावंत बांधवांनी एवढे करावे :

१) स्वतः गीत लिहीत किंवा चाल बांधत असाल तर आयपीआरएसचे, आणि गायक किंवा वादक असाल तर इसामराचे सभासदत्व घ्यावे.

२) प्रत्येक रचना नोंदवावी. गीत कोणाचे, चाल कोणाची आणि वाटा किती, हे भागीदारांनी आधीच लिहून ठेवावे. मैत्रीतले तोंडी बोलणे पैसा आल्यावर आठवत नाही.

३) कार्यक्रमानंतर तारीख, जागा, आयोजक आणि गाण्यांची यादी लगेच संस्थेला कळवावी.

४) करारनामा वाचल्याशिवाय सही करू नये. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षे धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच ‘कायमचे’ आणि ‘संपूर्ण जगासाठी’ हे शब्द दिसले की पेन खाली ठेवावे आणि जाणकाराला विचारावे.

५) इंटरनेटवर गाणे चढवणारी वितरक कंपनी सहसा ध्वनिमुद्रणाचे पैसे देते. गीत आणि चालीचा वाटा वेगळा असतो. तो संस्थेकडूनच घ्यावा लागतो.

पहिल्या वर्षी हाती येणारी रक्कम लहान असेल. पण लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे गाण्यावर हक्क राहतो. बोटे थकल्यावर, गळा बसल्यावर सुपाऱ्या बंद होतात. गाण्याचे भाडे मुलांपर्यंत पोहोचते. तेवढ्यासाठी वहीत एक पान वाढवायला हरकत नाही.