राजस्थान विद्यापीठ : उगम आणि स्वरूप

एखाद्या विद्यापीठाने राज्याचे नाव धारण करावे आणि ते राज्य मात्र विद्यापीठानंतर जन्मास यावे, असे क्वचितच घडते. जयपूर येथील राजस्थान विद्यापीठाचा इतिहास या प्रकारचा आहे. ८ जानेवारी १९४७ रोजी ‘राजपुताना विद्यापीठ’ या नावाने ते स्थापन झाले, तेव्हा हा प्रदेश जयपूर, जोधपूर, उदयपूर, बिकानेर आदी संस्थानांत विभागलेला होता. बृहद् राजस्थानची स्थापना ३० मार्च १९४९ रोजी झाली. विद्यापीठाला आजचे नाव मिळाले ते १९५६ साली.

विद्यापीठाची गरज मात्र जुनी होती. जयपूरचे महाराजा महाविद्यालय १८४४ मधील. तथापि पदवीसाठी तेथील विद्यार्थ्यांना प्रथम कलकत्ता, मग अलाहाबाद आणि पुढे १९२७ मध्ये स्थापन झालेल्या आग्रा विद्यापीठाकडे पाहावे लागे. काय शिकवावे आणि कशाची परीक्षा घ्यावी, याचा निर्णय प्रदेशाबाहेर होत असे.

या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. गणेश सखाराम महाजनी, म्हणजेच मराठी वाचकांना परिचित असलेले रँग्लर महाजनी होत. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या त्या महाविद्यालयालाही पदवीपुरते मुंबईवर अवलंबून राहावे लागे. पुणे विद्यापीठ स्थापन झाले ते १९४९ साली. स्वतःच्या नगरीला जे अद्याप लाभले नव्हते, त्याची उभारणी महाजनींनी जयपुरात केली, हे लक्षणीय होय. १९५३ मध्ये ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पुढे १९७२ ते १९७५ या काळात पुणे विद्यापीठाचेही कुलगुरुपद त्यांनी भूषविले.

आरंभी महाविद्यालयांना संलग्नता देणे व परीक्षा घेणे हेच या विद्यापीठाचे मुख्य कार्य होते. अध्यापन व संशोधन यांचे विभाग क्रमाने वाढले आणि त्याला आजचे स्वरूप आले. १९६२ साली जोधपूर व उदयपूर येथे स्वतंत्र विद्यापीठे निघाली. आग्र्यापासून जयपूरने जे मिळविले, तेच या नगरांनी जयपूरपासून मिळविले, असे म्हणता येईल.

साहित्याच्या अभ्यासकाला या क्रमाचे महत्त्व सांगावयास नको. ज्या प्रदेशाच्या प्रश्नपत्रिका अन्यत्र तयार होतात, त्याच्या भाषेला व वाङ्मयाला अभ्यासविषयाची प्रतिष्ठा सहजासहजी लाभत नाही. विद्यापीठ ती प्रतिष्ठा आपोआप देत नाही. परंतु ती देण्याचा अधिकार मात्र प्रदेशाच्या हाती सोपविते.